वस्तीवरच्या पत्त्यावर तिघांचे पासपोर्ट : कागद कसे जुळवायचे?

वस्तीवरचा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गाव माण तालुक्यात, जिल्हा सातारा. घर गावठाणात नाही, रानात वस्तीवर आहे, गावापासून अडीच किलोमीटर. आई, वडील आणि धाकटा भाऊ, तिघांचे पहिलेच पासपोर्ट काढायचे आहेत. घाई नाही, पण हेलपाटे नकोत. एकदा तालुक्याला जायचं म्हटलं की दिवस जातो.

हातात काय आहे ते सांगतो.

वडील ६२, चौथी शिकलेले. शाळेच्या दाखल्यावर १ जून, आधार आणि पॅनवर १ जानेवारी, साल एकच. आई ५७, शाळेत गेलेली नाही. आधारवर नुसतं साल आहे, मतदार कार्ड जुनं आहे, पॅन नाही. आधारवर नाव पार्वती, मतदार कार्डावर पारूबाई. भाऊ १९ वर्षांचा, बारावी झालेला, पुण्यात कॉलेजच्या हॉस्टेलला असतो.

पत्त्यासाठी तिघांचं आधार, वडिलांचं जिल्हा बँकेचं पासबुक, रेशन कार्ड आणि आजोबांच्या नावावरचं वीज बिल. आजोबा हयात नाहीत. घराला नंबरची पाटी नाही. पोस्ट शेजारच्या गावाला आहे.

शिवाय बांधावरून भावकीशी वाद होऊन ठाण्यात वडिलांच्या विरोधात तक्रार गेली होती. पुढे केस झाली की नाही ते घरात कुणाला नक्की माहीत नाही. त्याची अडचण येईल का? आणि तत्काळ केलं तर सोपं जातं का?

---

कागदपत्री

तत्काळ सोडून द्या. त्याला वर २००० रुपये लागतात आणि ठरलेल्या यादीतली तीन कागदपत्रं एकमेकांशी जुळावी लागतात. तुमचं दुखणं नेमकं न जुळण्याचं आहे. पोलीस पडताळणी तत्काळमध्येही सुटत नाही, बहुतेक वेळा ती पासपोर्ट हातात आल्यावर होते एवढंच. आणि तेव्हा अहवाल उलटा गेला तर आलेला पासपोर्टही परत मागतात.

आता जन्मतारीख. १ जून आणि १ जानेवारी या दोन तारखा खेड्यातल्या निम्म्या कागदांवर दिसतात. पहिली गुरुजींनी पट घालताना टाकलेली, दुसरी आधारच्या यंत्राने किंवा ऑपरेटरने. काउंटरवरच्या माणसाला हे ठाऊक असतं, पण तो दोन तारखा एका फाइलीत घेऊ शकत नाही. वडिलांचं उत्तर सोपं आहे. पॅन जन्मतारखेचा पुरावा म्हणून चालतं, आधार त्याच तारखेचं आहे, तेवढे दोनच कागद द्या. यादीतला एकच पुरावा द्यायचा असतो, त्यामुळे शाळेचा दाखला न देण्यात लपवाछपवी काही नाही. पुढे मात्र सगळीकडे १ जानेवारीच लावायची. पासपोर्टवर छापलेली जन्मतारीख बदलून घेणं फार जिकिरीचं काम आहे.

वडिलांना दाखला दुसऱ्या कारणासाठीही लागत नाही. दहावी नसलेल्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' शिक्का येतो, म्हणजे आखातातल्या आणि आणखी काही देशांत नोकरीला जाताना परवानगी लागते. पन्नाशी ओलांडलेल्यांना तो शिक्का नसतो, मग ते शिकलेले असोत वा नसोत. आईही त्यात बसते. फॉर्ममध्ये 'नॉन-ईसीआर' प्रवर्गाला 'हो' म्हणा. भावासाठी दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र न विसरता जोडा. बारावीचं देऊन दहावीचं घरी ठेवणारे बरेच असतात. जन्मतारीखही त्याच प्रमाणपत्रावरून घेतात.

आईचं काम सगळ्यात लांबीचं आहे. आधी तिचंच सुरू करा, बाकी दोघांचे अर्ज नंतर. आधारवर नुसतं साल असेल तर जन्मतारखेसाठी त्याचा उपयोग शून्य. जुन्या मतदार कार्डावर 'अमुक साली १ जानेवारीला वय इतकं' असं छापलेलं असतं, तेही चालत नाही. नव्या कार्डावर पूर्ण तारीख येते, ते चालतं. आईच्या नावाची एलआयसीची पॉलिसी असेल तर तिचा बाँड काढून पाहा, त्यावरची तारीखही ग्राह्य धरतात. काहीच नसेल तर पॅन काढणं हा त्यातल्या त्यात जवळचा रस्ता. जन्माचा दाखला नसणाऱ्यांचं पॅनसाठी दंडाधिकाऱ्यांसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र चालत आलेलं आहे. आधीच आधार दुरुस्तीला पळू नका. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते. ती संधी पूर्ण तारखेचा पक्का कागद हातात आल्यावरच वापरा.

जन्माचा दाखलाच काढायचा हट्ट असेल तर आईच्या माहेरच्या तहसील कार्यालयात कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, शोधावं लागेल. त्यात नोंद सापडली तरी बहुधा बापाचं नाव आणि 'मुलगी' एवढंच असतं. मुळात नोंदच नसेल तर उशिराच्या नोंदीला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि अलीकडे तिथली छाननी कडक झाली आहे. पासपोर्टपुरतं हे करत बसू नका.

नावाबद्दल. पार्वती आणि पारूबाई ही काउंटरच्या लेखी दोन माणसं आहेत. 'बाई', 'राव', 'बापू' ही शेपटं एका कार्डावर आणि दुसऱ्यावर नाहीत हा नेहमीचा घोळ. फॉर्ममध्ये 'आणखी कोणत्या नावाने ओळखले जाता का' असा रकाना आहे, पण तो भरून प्रश्न वाढवण्यापेक्षा मतदार कार्ड दुरुस्त करा. त्याला फॉर्म ८. ऑनलाइन भरता येतो किंवा गावच्या बीएलओकडे, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या माणसाकडे, द्या. नाव आणि जन्मतारीख दोन्ही एकाच फॉर्ममध्ये मागा. पॅनही 'पार्वती' याच नावाने आणि आधारवर इंग्रजीत जसं लिहिलंय त्याच अक्षरांनी. इंग्रजी स्पेलिंग कुणी नीट पाहत नाही आणि तिथेच अडकतं. ज्ञानेश्वर एका कार्डावर 'डी-एन'ने सुरू होतो, दुसऱ्यावर 'जी'ने.

फॉर्ममध्ये 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, 'सरनेम'मध्ये फक्त आडनाव. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी असतं म्हणून ते उलटं भरणारे पुष्कळ. आडनावाचा रकाना रिकामा ठेवला तर पुढे व्हिसा आणि तिकिटाला अडतं.

पत्ता. तिघांनाही आधार एवढं पुरे. बाकीचं घरी ठेवा. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचं किंवा पतसंस्थेचं पासबुक चालत नाही. सरकारी बँका, शेड्युल्ड खासगी बँका आणि ग्रामीण बँक एवढ्यांचंच, तेही फोटोचं आणि चालू खात्याचं. रेशन कार्ड पत्त्याच्या यादीत नाही. आजोबांच्या नावाचं बिल कुणाच्याच कामाचं नाही.

---

टपालकी

वरचं सगळं बरोबर. पत्त्याचा आणखी एक भाग राहिला, कारण पासपोर्ट शेवटी स्पीड पोस्टानेच यायचा आहे.

घराला पाटी नसली तरी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, मिळकत क्रमांक असतो. घरपट्टीच्या पावतीवर मिळेल. वस्तीवरच्या घराची नोंदच नसेल तर नंबर बनवून घालू नका. घर क्रमांकाच्या रकान्यात वस्तीचं नाव लिहा, म्हणजे 'अमुक वस्ती, तमुक मंदिराजवळ'. गावाच्या रकान्यात गाव. पोस्टाचं गाव वेगळं असेल तर तेही पत्त्यात आलं पाहिजे. पिन कोड तुमच्या शाखा डाकघराचा. पुष्कळांच्या आधारवर तालुक्याचा पिन असतो कारण ऑपरेटरला तोच पाठ असतो. पिन चुकला की पाकीट आधी चुकीच्या पोस्टात जातं, तिथून फिरत येतं, आणि तेवढ्यात मुदत संपली तर परत पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयात. मग पुन्हा पाठवून घ्यायची खटपट. आधारवर पिन चुकीचा असेल तर अर्जाआधी दुरुस्त करा. पत्ता बदलण्यावर जन्मतारखेसारखी मर्यादा नाही.

पाकीट ज्याच्या नावाचं त्याच्याच हातात देतात, ओळखपत्र बघून. भाऊ पुण्यात आणि पाकीट वस्तीवर असं झालं तर ते आईच्या हातात मिळेल असं धरून चालू नका. पासपोर्ट रवाना झाल्याचा संदेश आणि स्पीड पोस्टचा क्रमांक मोबाइलवर येतो. त्या दिवशी शाखा डाकघरात फोन करून ठेवा. ग्रामीण डाक सेवक रोज प्रत्येक वस्तीवर येईलच असं नाही, पोस्टात जाऊन सही करून घेतलं तर त्यालाही बरं.

---

शिक्का_मोर्तब

भावाच्या पत्त्यावरून बोलायला हवं. 'आधार गावचं आहे ना, मग गावचा पत्ता टाक' हा सल्ला सगळे देतात आणि पडताळणीत नेमके तिथेच फसतात. सध्या कुठे राहतो हे फॉर्म विचारतो, आणि गेल्या वर्षभरात दुसरीकडे राहिला असेल तर तेही. पोलीस वस्तीवर आले आणि शेजारच्याने 'तो पुण्याला असतो' म्हटलं की 'दिलेल्या पत्त्यावर राहत नाही' असा शेरा जातो. खोटं लिहिलं नसलं तरी फाइल अडकते.

भावाला दोन रस्ते आहेत. हॉस्टेल हा सध्याचा पत्ता आणि वस्ती हा कायमचा पत्ता असं लिहायचं. त्यासाठी कॉलेजच्या प्राचार्यांचं लेटरहेडवर बोनाफाइड लागतं, हॉस्टेलच्या पत्त्यासह. मग पडताळणी पुण्यातल्या ठाण्यातून होते आणि पाकीटही तिथेच येतं. दुसरा, लांबलचक सुट्टीत गावी असताना गावच्या पत्त्यावर अर्ज करायचा, हॉस्टेलचा पत्ताही फॉर्ममध्ये दाखवायचा आणि पडताळणी होईपर्यंत गावीच थांबायचं. कॉलेज चालू असेल तर पहिला.

अपॉइंटमेंट कुठे घ्यायची याचा पत्त्याशी संबंध नाही. जून २०१८ पासून देशातल्या कोणत्याही पासपोर्ट केंद्रात अर्ज देता येतो. भाऊ पुण्यात मुंढव्याच्या केंद्रात जाऊ शकतो, आई-वडील जवळच्या पोस्टातल्या केंद्रात.

आता ठाणं. फॉर्ममध्ये जिल्हा निवडला की पोलीस ठाण्यांची यादी उघडते. माणमध्ये दहिवडी आणि म्हसवड ठाण्यांच्या हद्दी आहेत. वस्ती शिवेवर असेल तर अंदाजाने निवडू नका, पोलीस पाटलांना विचारा. चुकीचं ठाणं निवडलं की फाइल 'आमच्या हद्दीत नाही' म्हणून परत जाते आणि पुन्हा योग्य ठाण्याला यायला आठवडे लागतात.

पडताळणीला माणूस घरी येतो किंवा ठाण्यात बोलावतात. अर्जातला मोबाइल नंबर घरातल्या अशा माणसाचा द्या ज्याला वस्तीवर रेंज असते. फोन लागला नाही म्हणून 'अर्जदार मिळून आला नाही' असं लिहून गेलेल्या फायली खेड्यात सगळ्यात जास्त. ठाण्यात जाताना मूळ कागद, त्यांच्या झेरॉक्स, दोन फोटो आणि ओळखणाऱ्या दोन शेजाऱ्यांची आधारची झेरॉक्स. फॉर्ममध्येही दोन संदर्भ विचारतात, तेच दोघे ठेवा आणि त्यांना आधी सांगून ठेवा. त्यात वाद असलेल्या भावकीतला कुणी नको, हे सांगायला नको. पोलीस पाटलांचा रहिवासी दाखला सक्तीचा नाही, पण वस्तीच्या पत्त्याला त्याने काम हलकं होतं. पडताळणीला शुल्क नाही.

---

बांधाचा_वाद

तक्रारीचं मी सांगतो. गावाकडे ठाण्यात जे काही होतं त्या सगळ्याला 'केस' म्हणतात, पासपोर्टच्या कायद्याला तसं चालत नाही.

अदखलपात्र तक्रार, म्हणजे एनसी, नोंदवून कागद दिला असेल तर तो न्यायालयातला खटला नाही. गुन्हा नोंदवला, एफआयआर झाला, पण तपासच चालू आहे, तर तेवढ्यावरही पासपोर्ट नाकारायचं कारण होत नाही. परराष्ट्र मंत्रालयाने १० ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलं आहे. अडतं ते दोषारोपपत्र जाऊन न्यायालयाने दखल घेतल्यावर. त्याला पासपोर्ट कायद्याचं कलम ६(२)(एफ) लागतं.

वडिलांचं काय झालं ते घरबसल्या बघता येतं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर महाराष्ट्र, सातारा, मग तालुक्याचं न्यायालय निवडा, पक्षकाराच्या नावाने शोधा. वर्ष घालावं लागतं, तेव्हा तक्रारीचं वर्ष आणि पुढची दोन-तीन वर्षं अशी एकेक बघा. इंग्रजी स्पेलिंग बदलून बदलून बघा, तिथेही तोच घोळ. काही सापडलं नाही तर ठाण्यात जाऊन तक्रारीचा क्रमांक आणि पुढे काय झालं ते विचारा.

जमिनीचा दिवाणी दावा असेल तर तो यात येत नाही. फॉर्म फौजदारी विचारतो.

खटला चालू निघाला तर फॉर्ममध्ये 'नाही' लिहू नका. पोलिसांच्या अहवालात ते येतंच, आणि मग माहिती दडवल्याचा वेगळा गुन्हा. त्याच न्यायालयात वकिलामार्फत परवानगीचा अर्ज करायचा. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेनुसार न्यायालय परवानगी देऊ शकतं. वकिलाला आदेशात पासपोर्ट किती वर्षांसाठी द्यायचा ते नमूद करून मागायला सांगा. आदेशात मुदत नसेल तर एकच वर्षाचा पासपोर्ट मिळतो आणि वर्षाने पुन्हा तीच वारी.

---

वस्तीवरचा

बापरे, भरपूर मिळालं. ई-कोर्ट्सवर बघतो. फॉर्म गावातल्या सेवा केंद्रातून भरला तर चालेल ना? आणि तिघांचे मिळून पैसे किती?

---

कागदपत्री

चालेल, पण खातं तुमच्या मोबाइल नंबरने आणि तुमच्या ईमेलने उघडायला लावा. केंद्रवाला सवयीने स्वतःचा ईमेल घालतो. मग अपॉइंटमेंट बदलायची वेळ आली की पासवर्ड त्याच्याकडे आणि दुकान बंद. एका खात्यातून घरातल्या तिघांचेही अर्ज भरता येतात. संकेतस्थळ 'पासपोर्टइंडिया डॉट गव्ह डॉट इन', शेवटी 'गव्ह डॉट इन' नसेल तर पैसे भरू नका. गूगलवर वर दिसणाऱ्या काही बनावट साइट अगदी तशाच रंगाच्या असतात.

३६ पानी पासपोर्टला १५०० रुपये. साठीच्या पुढच्यांना नव्या अर्जावर दहा टक्के सवलत, म्हणजे वडिलांचे १३५०. आई आणि भाऊ १५०० प्रत्येकी. एकूण ४३५०. साठ पानांच्याला ५०० जास्त, वर्षातून चारदा विमानात बसणाऱ्याने घ्यावं. सेवा केंद्राची मजुरी वेगळी, ती आधी विचारा.

भरलेले पैसे वर्षभर चालतात आणि अपॉइंटमेंट तीनदा बदलता येते. आईचे कागद तयार नसताना पैसे भरून बसलात तर हे वर्ष पळायला लागतं, म्हणून परत सांगतो, तिचं पॅन आणि मतदार कार्ड हातात आल्यावरच.

आई सही करत नसेल तर अंगठा चालतो. सही नव्याने शिकवायची असेल तर महिना-दोन महिने आधी शिकवा. काउंटरवर थरथरत केलेली सही पासपोर्टवर छापली जाते आणि पुढे तशीच करावी लागते.

पासपोर्ट केंद्रात जाताना मूळ कागद आणि स्वतः सही केलेल्या झेरॉक्स. डिजीलॉकरमधून आधार जोडलं असेल तरी मूळ कार्ड खिशात असू द्या, पोस्टातल्या केंद्राचं इंटरनेट कधी बसेल सांगता येत नाही. फोटो आणि बोटांचे ठसे तिथेच घेतात. हाताला मेंदी किंवा बोटाला पट्टी असेल तर तारीख पुढे घ्या. निघताना पावती मिळते, ती खिडकीसमोरच उभं राहून अक्षर-अक्षर वाचा: नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आई-वडिलांची नावं. तिथे सांगितलं तर लगेच दुरुस्त होतं.

---

टपालकी

घरात कुणाचं लहान मूल असेल तर तेवढं लक्षात ठेवा, १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्माचा दाखलाच लागतो, दुसरं काही नाही. आणि दाखल्यावर बाळाचं नाव असलं पाहिजे. रुग्णालयातून नोंद झाली आणि नाव घालायचं राहिलं, असे दाखले ग्रामपंचायतीतून नाव भरून घ्या.

---

वस्तीवरचा

एक राहिलं. वडील टोपीशिवाय घराबाहेर पडत नाहीत. फोटोला टोपी चालेल का?

---

शिक्का_मोर्तब

नाही. डोक्यावर काही ठेवायला धार्मिक कारण लागतं, गांधी टोपी त्यात बसत नाही. फोटोपुरती काढायची, मग घाला म्हणावं. शिवाय पांढरा सदराही नको, मागचा पडदा पांढराच असतो आणि खांदे त्यात विरून जातात. गडद रंगाचा शर्ट घालून न्या. आईचा पदर डोक्यावर राहिला तरी कपाळ आणि चेहऱ्याच्या दोन्ही कडा दिसल्या पाहिजेत.